तपासणीला पहाटे साडेपाचला या: प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या निवासगृहांतून एक खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे
आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून निवासगृहांच्या तपासणीला येणारे सर्व अधिकारी

विषय: काळजीवाहकांची पदे मदतीच्या मिनिटांवर ठरवण्याबाबत व तपासणीची वेळ बदलण्याबाबत

महोदय, महोदया,

तपासणीची गाडी बहुधा अकराच्या सुमाराला फाटकात येते. तोवर फरश्या पुसून वाळलेल्या असतात, सगळ्यांचे भांग पाडून झालेले असतात, निम्मी माणसं कर्मशाळेत बसलेली असतात. आपण हजेरीपट पाहता, साठ्याची नोंदवही पाहता, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख, सीसीटीव्ही, धान्याची कोठी, प्रत्येकाच्या फायलीतलं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) पाहता. हे पाहायलाच हवं. पण घराचा खरा भार ज्या दोन वेळांवर असतो त्या आपल्या तपासणीत येत नाहीत. एक पहाटे साडेपाच ते साडेआठ, दुसरी रात्री दहा ते पहाटे पाच. कोणाचा पाय घसरतो, कोणाला चटका बसतो, कोणाची गोळी राहून जाते, कोणाची फिट कोणीच पाहत नाही, हे बहुतेक करून या दोन वेळांत घडतं.

हे पत्र लिहिणारे आम्ही काळजीवाहक, मावश्या, रात्रपाळीची माणसं आणि अधीक्षक आहोत. आमचं मागणं एवढंच की पदं डोकी मोजून मंजूर करू नका. कोणाला किती मिनिटं मदत लागते ते मोजा, आणि मोजायला स्वतः या.

३० जणांचं एक घर धरू. त्यातले ८ जण आपापलं आवरतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं: प्रत्येकी ३ मिनिटं. १४ जणांना पायरीपायरीने सांगावं लागतं, आता साबण, आता पाठ, आता टॉवेल, मध्येच हाताला हात लावावा लागतो: प्रत्येकी १२ मिनिटं. उरलेल्या ८ जणांचं उठवणं, संडासला बसवणं, आंघोळ, कपडे सगळं दुसऱ्याने करायचं. त्याला २५ मिनिटं लागतात आणि उचलायला दोन माणसं लागतात, म्हणजे प्रत्येकी ५० मिनिटं. बेरीज २४ अधिक १६८ अधिक ४००, एकूण ५९२ मिनिटं. जवळजवळ दहा तासांचं काम. साडेआठला नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या असतात, म्हणून हे दहा तास तीन तासांत बसवायचे. त्याला चार माणसं लागतात. पाळीवर दोनच असतील तर साडेपाचला सुरू झालेलं काम हिशेबाने साडेदहाच्या आसपास संपायला हवं.

ते साडेदहाला संपत नाही. साडेआठलाच संपवलं जातं. त्यासाठी काय काय कापलं जातं ते आपल्याला ठाऊक असायला हवं.

सगळ्यात आधी शिकवणं जातं. शर्टाची बटणं लावायला शिकवायचं तर आम्ही शेवटापासून सुरू करतो. वरची सगळी बटणं आपण लावायची, सर्वांत खालचं अर्धं काजात घालून द्यायचं आणि फक्त ओढून घ्यायला सांगायचं. ते हातात बसलं की अख्खं बटण, मग खालची दोन, मग तीन. काम रोज त्याच्याच हाताने पुरं होतं, म्हणून माणूस वैतागत नाही. पहिल्या बटणापासून सुरुवात केली तर तो तिसऱ्यालाच शर्ट ओढून काढतो. या पद्धतीला रोज आठ-दहा मिनिटं लागतात. आपणच शर्ट चढवला तर दीड मिनिट. पाळीवर दोघंच असतील तर कोण आठ मिनिटं थांबेल? मग शर्ट आपणच चढवतो, तोंड आपणच धुतो, घास आपणच भरवतो. वापरात नसलेली गोष्ट काही महिन्यांत हातातून जाते. १२ मिनिटांच्या गटातला माणूस ५० मिनिटांच्या गटात सरकतो. एक पद वाचवलं की दोन-तीन वर्षांत त्याच घराला आणखी एक पद जास्त लागतं. हा उलटा हिशेब कोणत्याच आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, दिसत नाही.

शिकवण्यानंतर निवड जाते. हा निळा की हा पिवळा, एवढंच विचारायचं असतं. दोन शर्ट समोर धरले की न बोलणारा माणूसही डोळ्यांनी सांगतो. घाई असली की वरचा हाताला लागेल तो. निवडीमागोमाग आडोसा जातो. एका न्हाणीघरात तिघं उघडे, ओळीने. चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसांना असं उभं करणं आम्हालाही लाजवतं. आम्ही त्यांना ‘मुलं’ म्हणतो, आपल्या कागदांतही तसंच येतं, आणि मूल म्हटलं की आडोशाची गरज कोणाला वाटत नाही. ‘मानसिक वय ४ वर्षे’ हा शब्दप्रयोग त्याच पंगतीतला. चाळीस वर्षं जगलेल्या बाईला चाळीस वर्षांच्या सवयी असतात, आवडीनिवडी असतात, राग असतो, लाज असते. तिला कोणते शब्द कळतात एवढ्यासाठी तो आकडा उपयोगी आहे. कसं वागवायचं हे त्यावरून ठरवू नये.

मग दात. काही फिटच्या गोळ्यांनी, विशेषतः फेनिटॉइनने, हिरड्या वाढून दातांवर चढतात. हिरडीतून रक्त येतं, ब्रश लागला की दुखतं, म्हणून माणूस तोंड मिटून घेतो; ब्रश बंद पडला की हिरड्या आणखी सुजतात. इथे मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, आरशासमोर त्याच्या मागे उभं राहून त्याच्या हातावर हात, आणि दोन मिनिटं लागतात. घाईत बोटाने पेस्ट फिरवली जाते. पुढे दाढ काढायची वेळ आली की भूल द्यावी लागते, तालुक्याच्या दवाखान्यात ती सोय नसते, तारीख महिन्या-दोन महिन्यांनी मिळते. तोवर तो माणूस दाढेच्या बाजूने भिंतीवर डोकं आपटत राहतो आणि फायलीत ‘वर्तनसमस्या’ अशी नोंद होते.

कापाकापी तरीही पुरत नाही तेव्हा शेवटी सुरक्षिततेवर हात पडतो. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, मग गरम. उलट केलं आणि तेवढ्यात पलीकडून कोणी ओरडलं, तर कडत पाण्याची बादली आणि तो माणूस एकटे उरतात. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूने किंवा कोपराने बघायचं, कारण आमचे तळवे राठ झालेले असतात. आमच्याकडे राहणाऱ्या बऱ्याच जणांना चटका बसला तरी ती ओरडत नाहीत, हात मागे घेत नाहीत. सौर बंब बसवायला मंजुरी मिळते, ते चांगलंच आहे, पण उन्हाळ्यात त्या बंबाचं पाणी ६० अंशांच्या वर जातं. नळाला येण्याआधी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवला पाहिजे, ही अट त्याच मंजुरीत घाला. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे कोणी फिट येऊन पडलं तर त्याचंच अंग दाराला आडवं येतं आणि दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी हवी. यात कोणतंही मोठं बांधकाम नाही, सुतार आणि प्लंबर एका दिवसात करतात.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण घशात घास अडकणं हा या घरांतला सर्वांत मुका धोका आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना, डाऊन सिंड्रोम असलेल्या वयस्कांना आणि जड गोळ्या चालू असलेल्यांना गिळणं कठीण जातं. गंमत म्हणजे लोकांना वाटतं पातळ सोपं. प्रत्यक्षात पाणी, चहा, ताकाचं पाणी यांनीच जास्त ठसका लागतो, कारण ते गिळण्याची तयारी होण्याआधीच घशात धावतं. पेज, आंबील, घट्ट वरण सांभाळता येतं. भाकरी वरणात किंवा दुधात पूर्ण कुस्करून, मऊ काला करून द्यायची; वरून भिजलेली आणि आत कडक असली की तोच तुकडा अडकतो. कोरडे पोहे, फुटाणे, शेंगदाणे, चिवडा या माणसांच्या ताटात येता कामा नयेत, सणाला पाहुण्यांनी आणले तरी. माणूस ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आणि आधीचा घास गिळला हे गळ्याकडे पाहून खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. असा एक माणूस जेवायला २५ ते ३० मिनिटं घेतो. एका मावशीच्या समोर असे चार जण ओळीने बसले तर ती चमचा मोठा घेणारच. वरचेवर ताप, छातीत घरघर, जेवतानाचा खोकला, जेवल्यावर ओला येणारा आवाज, ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची खूण असते. ‘त्याला कफाची सवयच आहे’ असं म्हणून ती सोडून दिली जाते आणि न्यूमोनिया होतो. उलट बाजूला भराभर गिळणारे असतात. त्यांना ताट पूर्ण वाढायचं नाही, चौथाई चौथाई वाढायचं. शेजारच्याचं ताट हाताच्या अंतरावर ठेवायचं नाही.

स्वयंपाकी एकच असतो आणि साडेसहा-सातला घरी जातो, म्हणून पुष्कळ घरांत रात्रीचं जेवण साडेसहाला उरकतं. नाश्ता साडेआठला. मधले चौदा तास पोटात काही नाही. आणि गोळ्या जेवणाला बांधलेल्या असतात, म्हणजे दिवसातून दोनदा घ्यायच्या फिटच्या गोळीचं अंतर बारा-बारा तासांऐवजी चौदा आणि दहा होतं. पहाटे रक्तातलं औषध सर्वांत कमी असतं आणि त्याच वेळी झोपमोड. पहाटेच्या फिट वाढल्या की डॉक्टर मात्रा वाढवतात, माणूस दिवसभर पेंगतो, पेंगलेला माणूस नीट गिळत नाही. स्वयंपाक्याच्या ड्युटीची वेळ इथपर्यंत पोचते. दुसऱ्या स्वयंपाक्याचं अर्धवेळ पद मंजूर केलं, रात्री नऊला दूध किंवा नाचणीची खीर आणि त्याबरोबर गोळी दिली, तर हा गुंता सुटतो.

गोळ्यांविषयी आणखी दोन गोष्टी. सरकारी दवाखान्यातून मोफत मिळणाऱ्या औषधाची कंपनी महिन्यामहिन्याला बदलते. पांढरी गोळी गुलाबी झाली की आमच्याकडे राहणारे काही जण ‘ही माझी नाही’ म्हणून थुंकतात, आणि ते चुकीचं बोलत नसतात. फिटच्या औषधाची कंपनी शक्यतो एकच राहावी, बदलणारच असेल तर महिनाभर आधी कळावं. दुसरं, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या पाकिटावर ‘क्रोनो’ किंवा ‘सीआर’ लिहिलेलं असतं, त्या कुटून द्यायच्या नसतात. कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी पातळ औषध मागायचं. हे नव्या काळजीवाहकाला पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही, कारण नेमणुकीआधी प्रशिक्षण नाही. प्रशिक्षण म्हणजे मावशीच्या मागे दोन दिवस फिरणं.

फिट आली तर करायचं ते फार नाही. घड्याळ बघायचं. डोक्याखाली काही मऊ, आजूबाजूच्या खुर्च्या बाजूला, झटके ओसरू लागले की कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही, पाणी नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला, फिट थांबवणारा मिडाझोलामचा नाकातला फवारा आणि १०८. हा फवारा घराघरांत कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली अधीक्षकांच्या कमरेला असते, आणि अधीक्षक रात्री घरी असतात. आपण आलात की किल्ली कोणाकडे आहे एवढं जरूर विचारा.

पोट साफ न होण्याचा प्रश्न वाचायला किरकोळ वाटेल. कमी हालचाल, कमी पाणी (वारंवार संडासला न्यावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच दिलं जात नाही, हेही मान्य करतो), त्यात मनोविकाराच्या गोळ्या. चार-पाच दिवस पोट साफ नसलेला न बोलणारा माणूस स्वतःला चावतो, दुसऱ्याला ओरबाडतो, जेवण फेकतो. भिंतीवर एक साधा तक्ता लावला, रोज खूण केली, तिसऱ्या दिवशी रकाना रिकामा दिसला की हालचाल केली, तर निम्मा आरडाओरडा टळतो. इसबगोल सोपं वाटतं, पण त्याच्यावर भरपूर पाणी गेलं नाही तर ते आतच घट्ट होतं, आणि गिळायला त्रास असलेल्याच्या घशात फुगतं. अचानक वागणं बदललेल्या कोणाही माणसाचे आधी कान, दात, पोट, लघवी, पायाची बोटं आणि बाईमाणूस असेल तर पाळीची तारीख पाहावी, मगच मानसोपचाराची चिठ्ठी काढावी. कानात साठलेला मळ काढल्यावर ‘आक्रमक’ माणूस शांत होतो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइडची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. सुस्त झाला, वजन वाढलं, केस गळाले, तर तो आळशी झालेला नसतो. त्यांच्यातल्या काहींना चाळिशीनंतर स्मृतिभ्रंश सुरू होतो. येणारी कामं येईनाशी होतात, जिना उतरायला भीती वाटते. त्याला शिस्त लावायची नसते, खालच्या मजल्यावर खाट द्यायची असते.

आता रात्र. एका जागेवर एक माणूस चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस ठेवायचा तर १६८ तास भरावे लागतात. एक कर्मचारी आठवड्याला ४८ तास काम करतो. १६८ भागिले ४८, साडेतीन माणसं. रजा, आजारपण, सणवार धरले की चार. म्हणजे घराला पाच काळजीवाहक मंजूर आहेत असं कागदावर दिसतं तेव्हा प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी साधारण सव्वा माणूस हजर असतो. सकाळी चार लागतात म्हणून आम्ही रात्रीचे काढून सकाळी लावतो, आणि रात्री दोन मजल्यांवर एक जण उरतो. त्या एकाने दर दोन तासांनी न हलणाऱ्यांची कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर लाल डाग पडतो. तो दाबल्यावर पांढरा न होता लालच राहिला, तर बेडसोरची सुरुवात झाली असं समजायचं. ओल्या चादरी बदलायच्या, चालत सुटणाऱ्याला जिन्यावरून परत आणायचं. याच वेळी वरच्या मजल्यावर कोणाला लांबलेली फिट आली तर? रुग्णवाहिकेत त्याच्याबरोबर कोणीतरी बसावंच लागतं. मग उरलेल्या २९ जणांपाशी पहारेकरी. म्हणून रुग्णवाहिका बोलवायला उशीर केला जातो. सकाळपर्यंत थांबू या, असं ठरतं. कोणीही निष्काळजी नसताना माणूस दगावतो तो इथे. रात्री जागे असलेले दोन काळजीवाहक, त्यांपैकी स्त्रियांच्या बाजूला बाईच, याखाली एकही घर चालू देऊ नका. पैसे कमी असतील तर आमचं दुसरं काही कापा.

स्त्रियांच्या मासिक पाळीचं काम मनुष्यबळाचं काम आहे हे वेगळं सांगायला लागतं, कारण त्याचा इतिहास याच राज्यात आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय गृहातल्या मुलींची गर्भाशयं काढण्यात आली, आणि त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही हे कारण पुढे केलं गेलं. त्यावर राज्यभर गदारोळ झाला. पण राखता येत नाही म्हणजे कोणाला? कॅलेंडरवर तारखा, त्याआधीच्या तीन दिवसांतली चिडचिड ओळखणं, चार-सहा तासांनी पॅड बदलायला न्यायचं, चड्डीवर रंगीत दोऱ्याने पॅडची जागा शिवून ठेवायची, पहिले काही महिने बरोबर उभं राहायचं. त्यांतल्या पुष्कळ जणी वर्ष-दीड वर्षात स्वतः करू लागतात. ज्यांना येत नाही त्यांचं मावशी करते. हे दिवसाला २०-२५ मिनिटांचं काम आहे. ती मिनिटं कोणी मंजूर केली नाहीत की पुन्हा कोणाला तरी शस्त्रक्रिया सोयीची वाटू लागेल.

मिनिटं मोजायची कशी, असा प्रश्न येईल. दिव्यांग प्रमाणपत्रावर ५०, ७५, ९० किंवा १०० असा टक्का असतो. ७५ टक्के लिहिलेल्या दोन बायकांपैकी एक लसूण सोलते, पोळ्यांना तूप लावते, सगळ्यांचे टॉवेल ओळखते. दुसरीला फिट येतात, रात्री झोप नाही, रस्त्याच्या दिशेने धावत सुटते. टक्का एकच, लागणारी मदत दहापट वेगळी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३८ मध्ये ज्यांना जास्त मदतीची गरज आहे त्यांचं वेगळं मूल्यमापन करून मदत देण्याची तरतूद आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्या मूल्यमापनाची पाहणी घराघरांत करा: तीन दिवस, चोवीस तास, हातात घड्याळ घेऊन, आंघोळ, संडास, जेवण, गोळ्या, रात्रीची उठबस. वर्षातून एकदा तेच पुन्हा, कारण माणसं म्हातारी होतात.

आणि म्हातारी होणार हे तर गृहीतच धरलेलं दिसत नाही. बालगृहाचा कायदा १८ व्या वर्षी संपतो. ज्याला आई-वडील नाहीत असा बौद्धिक दिव्यांग मुलगा त्या दिवशी कुठे जातो? अमरावती जिल्ह्यात वझ्झर इथे अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षे हेच विचारत आले आहेत, १८ नंतरही त्यांना त्याच घरी राहता यावं असा कायदा करा म्हणत आले आहेत. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रश्न जिथल्या तिथे आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही योजना प्रौढांच्या आजन्म निवासासाठी आहे, पण पालक फोन करतात तेव्हा जवळपास जागा आहे असं सांगता येत नाही. आम्हाला मोठ्या वास्तू नकोत. २०१६ च्या कायद्याचं कलम ५ माणसाला समाजात राहण्याचा हक्क देतं. वस्तीत, किराणा दुकान आणि देऊळ चालत जाता येईल अशा अंतरावर, आठ-दहा जणांची घरं हवीत. तिथे टॉवेल कोणाचा हे विचारावं लागत नाही.

पालक वारले की पुढे कागदांचं काम येतं. पालकत्वाचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतं, आणि समितीची बैठक लांबली की बँक खातं अडतं, शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही कोणी करायची हे अडतं. बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी. आधारच्या ठशांचंही तसंच: ज्याची मूठ उघडत नाही, जो डोळे स्थिर ठेवू शकत नाही, त्याला केंद्रावर तीन-तीनदा नेण्यापेक्षा यंत्र घरी आणा.

मृत्यूची बातमी सांगणंही आमच्याच वाट्याला येतं, आणि त्यासाठीही वेळ लागतो. ‘आई गावाला गेली’ असं सांगितलं की माणूस वर्षानुवर्षे दर शनिवारी फाटकाशी बसतो. ‘देवाघरी गेली’ म्हटलं की देवाच्या घरचा रस्ता विचारतो. आई वारली, तिचा श्वास थांबला, ती आता येणार नाही, असं सरळ सांगावं लागतं, फोटो हातात देऊन, पुन्हा पुन्हा, महिनाभर. शक्य असेल तर अंत्यदर्शनाला न्यावं लागतं. एका माणसाबरोबर एक माणूस, दोन दिवस. त्या दोन दिवसांचा बदली कर्मचारी कोणत्याच तरतुदीत नाही.

तेव्हा तपासणीला येताना हे पाहा. सकाळी सहाला टूथब्रश ओले आहेत का, तितकेच आहेत का, त्यांवर नावं आहेत का. आतल्या कपड्यांवर नावं आहेत का की सगळे एकाच ढिगात आहेत. न्हाणीघरात टॉवेल टांगायला खुंट्या किती. रात्री साडेदहाला चपला जोडीने आहेत का, कारण अंधारात उठणारा माणूस आधी चप्पल शोधतो. फिटची नोंदवही रात्रीच्या अक्षरातही भरलेली आहे की सगळ्या नोंदी एकाच पेनाने दुपारी लिहिल्या आहेत. गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीवर घरी जाणाऱ्यांना दोन दिवसांच्या जादा गोळ्या आणि मराठीत लिहिलेला वेळेचा कागद दिला होता का. सुट्टीवरून परतल्यावर फिट वाढतात त्या चुकलेल्या गोळ्यांनी. नोंदी खोट्या सापडल्या तर आम्हाला जाब विचारा, आणि त्या पाळीवर किती जण होते तेही त्याच अहवालात लिहा.

एक विनंती आहे. आपण आलात की सगळ्यांना ओळीत बसवून स्वागतगीत म्हणायला लावण्याची प्रथा बंद करा, संस्थाचालकांनी आग्रह केला तरी. त्यासाठी सकाळची आंघोळ तासभर आधी, साडेचारला सुरू होते, आणि झोपमोड झालेल्यांना त्या दिवशी फिट येतात.

आधी कळवू नका. साडेपाचला या, चपला बाहेर काढून या, पॅसेजमधली फरशी त्या वेळी ओली असते. दार उघडायला दोन-तीन मिनिटं लागली तर थांबा. तेव्हा आमचे हात कोणाच्या तरी काखेत असतात आणि त्याला मध्येच सोडता येत नाही.

आपले,
प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या निवासगृहांतले काळजीवाहक, मावश्या, रात्रपाळीचे कर्मचारी आणि अधीक्षक